नूनचं पोट

यवतमाळच्या कब्रस्तानात हिरासिंग राठोडच्या अक्षराखाली निदान दोनशे माणसं झोपलेली आहेत, आणि त्यांतल्या एकाही दगडावर हिरासिंगचं नाव नाही. दगडावर मेलेल्याचं नाव असतं, जिवंताचं कशाला हवं, असं कोणी म्हणेल. पण खाली डाव्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, लिहिणारा आपलं नाव टाकतो अशी रीत आहे. त्या दोनशे दगडांवरही ते टाकलेलं आहे. फक्त ते मुन्शी कमरोद्दीन यांचं आहे.

हिरासिंग दारव्ह्याकडच्या एका तांड्यातला. बाप उकंडा राठोड. त्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापाने शेत धरलं, आणि हा एकविसाव्या वर्षी यवतमाळात मुन्शीजींच्या छापखान्यात दगड घासायला लागला. ते साल शहात्तर. तेव्हा उर्दू मजकूर दगडावरून छापत. मुन्शीजी पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहीत, तो कागद दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उमटत, आणि दगडावरून पुन्हा कागदावर सुलटी येत. छपाई झाली की तोच दगड रेती-पाण्याने घासून कोरा करायचा. हे घासायचं काम हिरासिंगचं.

जग अक्षरं सुलटी शिकतं, हा गडी उलटी शिकला. दगडावर उमटताना कधी एखादं अक्षर तुटे. एकदा मुन्शीजी जेवायला गेले असताना हिरासिंगने काडी शाईत बुडवून तुटलेलं अक्षर उलट्याचं उलटंच जोडून ठेवलं. मुन्शीजींनी छापलेला कागद उजेडात धरला, खूप वेळ पाहिला, आणि विचारलं, "ये किसने किया?" हिरासिंगला वाटलं, गेली नोकरी. पण दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी त्याच्या हातात बोरू दिला.

ज्या लिपीसाठी हा सगळा खटाटोप होता तिचं नाव नस्तालीक. उर्दू आणि फारसी सुंदर लिहायची जुनी तऱ्हा. तिच्यात शब्द ओळीवर सरळ बसत नाहीत. उजवीकडे वरून सुरू होतात आणि डावीकडे खाली उतरत येतात, संध्याकाळी गुरं टेकडीवरून उतरावीत तशी. डोळ्यांना हे मोकाट वाटतं, पण प्रत्येक अक्षराला माप असतं. बोरूच्या टोकाने एक चौकोनी ठिपका काढायचा, आणि अमुक अक्षर इतके ठिपके उंच, तमुक इतके ठिपके खोल, असं मोजायचं. हिरासिंगने आठ वर्षं ठिपके मोजले. अलिफ-बेपासून उर्दू वाचायलाही तो तिथेच शिकला. तांड्यातले लोक म्हणत, उकंड्याचा पोरगा मियाँ झाला. छापखान्यात येणारे म्हणत, मुन्शीजी, इस बंजारे को क्या सिखा रहे हो. दोन्हीकडून ऐकून घ्यायची त्याला सवय झाली.

मुन्शीजींचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या उस्तादाकडून आलेला होता. शागिर्दाने कितीही लिहावं, खाली नाव टाकायचं नाही. उस्ताद जेव्हा स्वतःच्या हाताने कागदावर इजाजत लिहून देईल, की याला आता आपलं नाव टाकायची परवानगी आहे, त्या दिवसापासून तो कातिब, म्हणजे पुरता सुलेखक. आणि ज्याला इजाजत नाही त्याला शागिर्द करायचा, दुसऱ्याला इजाजत द्यायचाही हक्क नाही. हिरासिंगने हा नियम पहिल्या दिवशी ऐकला आणि हाडात मुरवून घेतला. कोणी पोलीस पाहायला येणार होता का? नाव टाकलं असतं तर कोण फाशी देणार होतं? पण उलट्या अक्षरांपासून इथवर ज्या माणसाने आणलं त्याच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय आपलं लिहिणं ही नुसती नक्कल, असं त्याला खरोखरच वाटे. असल्या माणसांचं जग काय करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दर ईदेनंतर तो आपला एक कागद मुन्शीजींपुढे ठेवी. मुन्शीजी चष्मा पुसत, कागद तिरपा धरत, आणि शेवटी एकच गोष्ट म्हणत.

"हीरा, नून का पेट अभी नहीं भरा."

नून म्हणजे आपला न. शब्दाच्या शेवटी आला की त्याला खाली वाटीसारखं पोट काढावं लागतं. पोट उथळ झालं तर अक्षर उपाशी दिसतं, खोल झालं तर ढेरपोटं. हिरासिंग घरी जाऊन रात्रंदिवस नून काढी. बायको जमनी चुलीपुढून म्हणे, "त्या नूनचं भरंन तवा भरंन, घरातल्या पोटाचं पाहा." पुढच्या ईदेला पुन्हा तेच. चौऱ्याऐंशीत तेच, सत्त्याऐंशीत तेच, नव्वदमध्ये तेच.

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात मुन्शीजींचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाचा कप बशीत वाजायला लागला, मग बोरू कागदावर. एका लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनी चार वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. पाचव्या वेळी त्यांनी बोरू हिरासिंगपुढे सरकवला आणि तोंड खिडकीकडे केलं. हिरासिंगने मजकूर लिहिला. खाली कोपऱ्यात मुन्शीजींचं नावही त्यानेच लिहिलं. कमरोद्दीन हे नाव उर्दूत लिहिलं की शेवटचं अक्षर येतं नून. त्या दिवशी त्या नूनच्या पोटाबद्दल मुन्शीजी काहीही बोलले नाहीत.

पुढची तेरा वर्षं असंच चाललं. पत्रिका, मशिदीच्या पाट्या, शाळेची मानपत्रं, कब्रीचे दगड, सगळं हिरासिंगच्या हातचं आणि मुन्शीजींच्या नावचं. बाहेर कोणालाच कळलं नाही. उलट लोक म्हणायला लागले, वय वाढलं तसा मुन्शीजींचा हात जास्तच पक्का झाला. एकदा नागपूरहून एक जाणकार गृहस्थ आले, भिंतीवर चौकटीत लावलेलं हिरासिंगच्या हातचं अक्षर पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी मुन्शीजींचा तो कापरा हात उचलून ओठांना लावला. हात का कापतोय? त्यांना वाटलं, नम्रतेने. हिरासिंग तेव्हा चहा ओतत होता. मुन्शीजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. एक वाक्य बोलले असते तर काय त्यांची मशीद ढासळणार होती? नाही बोलले.

ईदेनंतर कागद दाखवायचा रिवाज मात्र सुटला नव्हता. ज्या हाताने वर्षभर मुन्शीजींचं नाव लिहिलं त्याच हाताने लिहिलेला कागद हिरासिंग मुन्शीजींपुढे ठेवी, आणि ऐकून घेई की नूनचं पोट अजून भरलं नाही.

दोन हजार चारमध्ये मुन्शीजी गेले. त्यांच्या कब्रीचा दगड लिहायला मुलगा नासीर हिरासिंगकडेच आला. तेव्हा पहिल्यांदा पेच पडला. आतापर्यंत सगळ्या दगडांवर मुन्शीजींचं नाव होतं, पण मुन्शीजींच्या दगडावर लिहिणारा म्हणून मुन्शीजींचं नाव कसं टाकणार? हिरासिंगने पंधरा दिवस मन लावून तो दगड लिहिला. डावा कोपरा कोरा ठेवला आणि मग भीत भीत नासीरला विचारलं.

"अब्बा शेवटी मह्याबद्दल काही बोलले का?"

नासीरचं टायरचं दुकान होतं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो डोकं खाजवून म्हणाला, "हाँ, बोले थे ना. हीरा के पास अपना छाता है, ले लेना."

हिरासिंगने छत्री नेऊन दिली. कोपरा कोराच राहिला. तो आजही कोरा आहे.

एव्हाना कॉम्प्युटरवर नस्तालीक आलं होतं, छापखान्यातले दगड कोणीतरी न्हाणीघरात बसवायला नेले होते. हिरासिंग मराठी पाट्या रंगवायला लागला. 'येथे कचरा टाकू नये', 'पंक्चर काढून मिळेल', ट्रकच्या मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद'. त्या पाट्यांखाली 'हिरा पेंटर' आणि मोबाइल नंबर टाकायला त्याला कोणाची इजाजत लागली नाही. पण ते नाव टाकताना त्याला कधी काही वाटलंही नाही. घरी पहाटे उठून तो नस्तालीक लिही, आणि खाली नाव न टाकता कागद गादीखाली सरकवी.

दोन हजार तेरामध्ये आभा आली. कलेक्टर ऑफिसमधल्या एका कारकुनाची मुलगी, वीस वर्षांची. पाटी रंगवून घ्यायला आली आणि गादीखालून डोकावणारा कागद पाहून तिथेच बसली. म्हणाली, मला हे शिकवा. हिरासिंगने सांगायला हवं होतं की मला शिकवायचा हक्क नाही. नाही सांगितलं. इतक्या वर्षांत त्याच्या अक्षराकडे कोणी त्याचं अक्षर म्हणून पाहिलं नव्हतं. मोह झाला. एवढंच म्हणाला, "मले उस्ताद म्हणू नको, काका म्हण."

पोरीचा हात असा होता की हिरासिंगला कधी कधी भीती वाटे. जे त्याला आठ वर्षं लागली ते तिने दोन वर्षांत घेतलं. घरचे म्हणत, आपल्याला हे कुठे उपयोगी पडणार? ती ऐकत नसे. दर रविवारी सायकल घेऊन येई. सहाव्या वर्षी तिने हैदराबादच्या एका संस्थेचा अर्ज आणला. तिथे पुढचं शिकायला घेत, पण शिकवणाऱ्याच्या हातचा इजाजतनामा लागत असे.

"काका, एवढा एक कागद लिहून द्या."

हिरासिंगच्या जिभेवर खरं उत्तर होतं. मलाच कोणी इजाजत दिली नाही, तुला कुठून देऊ. पण सहा वर्षं ज्या मुलीने आपल्यापुढे मान खाली घालून ठिपके मोजले, तिला हे सांगायची त्याला लाज वाटली. आपण कोणीच नाही, हे तिला कळेल. त्याने तिचा कागद हातात घेतला, चष्मा पुसला, कागद तिरपा धरला.

"नूनचं पोट नाही भरलं अजून."

आभाने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. तिला ठिपके मोजता येत होते. तिने बोरू धुतला, फडक्याने पुसला, त्याच्या पेटीत ठेवला आणि सायकल घेऊन गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कोणीतरी सांगितलं की ती लोहाऱ्याला एमआयडीसीत खोके छापणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन करते.

हे झालं एकोणिसात. यंदाच्या उन्हाळ्यात नासीरने जुनं घर विकायला काढलं, आणि त्याची बायको एक टिनाची पेटी घेऊन हिरासिंगच्या दारात आली. म्हणाली, अब्बांच्या कपाटावर होती, वर तुमचं नाव आहे, रद्दीत द्यायला मन झालं नाही. हिरासिंग आता एकोणसत्तर वर्षांचा. दोन वर्षांपासून त्याचाही उजवा हात कापतो, पाट्या बंद झाल्यात. त्याला पेटीची कडी निघेना, जमनीने काढून दिली.

आत एक्केचाळीस कागद होते. सगळ्यांवर एकच मजकूर, मुन्शीजींच्या स्वतःच्या कापऱ्या हाताचा. 'मैं, कमरोद्दीन, हीरासिंग वल्द उकंडा राठोड को इजाज़त देता हूँ कि अपने लिखे के नीचे अपना नाम लिखे।' पहिल्यावर तारीख होती मार्च ब्याण्णवची, शेवटचा मरणाच्या तीन महिने आधीचा. प्रत्येक कागदावर मजकूर जेमतेम निभावलेला होता, आणि शेवटी सहीचं नाव आलं की तिथे नूनचं पोट कोलमडलेलं. त्याच्यावर काट मारलेली. एक्केचाळीस नून, एक्केचाळीस काटा.

हिरासिंग जमिनीवर बसून राहिला. त्याला सगळं कळलं. इजाजत उस्तादाच्या हातचीच लागते, आणि उस्तादाचा हात गेला होता. असला बेढब कागद, स्वतःच्याच नावाचा विचका झालेला, शागिर्दाच्या हातात द्यायची मुन्शीजींना लाज वाटली. सुंदर लिहून देऊ शकेल असा जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि त्याच्याकडून त्याचीच इजाजत कशी लिहून घ्यायची? म्हणून बारा वर्षं ते खोली बंद करून कागद खराब करत राहिले, आणि बाहेर येऊन म्हणत राहिले की तुझा नून भरला नाही.

त्याने जमनीला कागद एकेक करून वाचून दाखवले. जमनीला लिहिता-वाचता येत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पदराने पेटीवरची धूळ पुसली.

"हात कापे त्याचा, मानलं. तोंडाले तं कंप नव्हता. तोंडानं सांगाले काय झालतं?"

हिरासिंगला राग येत होता, पण जाऊन भांडायला कोणी नव्हतं. कब्रस्तानात जाऊन कोऱ्या कोपऱ्यावर आता नाव लिहावं, असं एकदा मनात आलं. पण हाताकडे पाहिलं आणि तो विचार सोडला. मग त्याला आभा आठवली. काट मारलेली का असेना, इजाजत होती, लिहिलेली होती, ब्याण्णवपासून होती. म्हणजे त्या मुलीला द्यायचा हक्क त्याला होता, आणि त्याने दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने बोरू तासला. आठ दिवस आभाची इजाजत लिहीत होता. आभाचं नाव नीट येई तर पहिल्याच 'मैं'च्या शेवटचा नून फिसकटे, नून सावरला तर ओळ खाली घसरे. खराब झालेला कागद तो टिनाच्या पेटीत, मुन्शीजींच्या कागदांवर ठेवी. नववा कागद ठेवायला गेला तेव्हा जमनी पाठीमागे उभी होती.

"काय करून राह्यले? तुमी बी पेटी भराले लागले का?"

त्याचा हात पेटीवरच थांबला. नववा कागद त्याने आत ठेवला नाही. त्याच्याखाली, डाव्या कोपऱ्यात, हिरासिंग राठोड असं नाव लिहिलं. नस्तालीकमध्ये स्वतःचं नाव लिहायची ही आयुष्यातली पहिली वेळ. कागद वाळवला, वहीत घातला आणि ऑटो करून तो लोहाऱ्याला गेला.

जेवणाच्या सुटीत आभा फाटकावर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. चेहरा थोडा भरला होता. तिने नमस्कार केला, पण वाकली नाही. हिरासिंगने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मुन्शीजींचं, पेटीचं, आणि त्याला स्वतःला इजाजत नव्हती तेही. मग कागद पुढे केला.

आभाने तो दोन्ही हातांनी घेतला. उजेडाकडे तिरपा धरला. सवय गेली नव्हती. तिचं बोट पहिल्याच शब्दाखाली गेलं आणि नखाने तिने ठिपके मोजले.

"नूनचं पोट भरलं नाही, काका."

"नाही भरलं."

"आणि माझं? तेव्हा?"

हिरासिंगला खोटं बोलता आलं असतं. या वेळी बोलला नाही. "तुहं दुसऱ्याच वर्षी भरलतं, पोरी."

कारखान्यातून भोंगा झाला. लोक डबे घासून आत जायला लागले.

"मला वाटलं, माझे डोळेच चुकतात," ती म्हणाली. "मोजलं तर बरोबर येतं आणि काका म्हणतात नाही. घरी जाऊन सगळे कागद जाळले मी. पाच वर्षं झाली, बोरू हातात धरला नाही. आता धरला तरी भीती वाटते." तिने कागदाची घडी न करता तो परत त्याच्या वहीत ठेवला. "हे तेव्हा तोंडानं बोलला असता ना, तरी मला पुरलं असतं. हैदराबाद नसतं झालं तरी चाललं असतं."

हिरासिंगने वही मिटली. जे त्याने मुन्शीजींना विचारलं असतं तेच ती त्याला विचारत होती.

फाटकातून आत जाता जाता आभा वळली. "नाव मात्र चांगलं आलंय, काका." आणि गेली.

तो घरी आला तेव्हा जमनी तूर निवडत बसली होती. त्याने वही खाली ठेवली आणि पेटी पुढे ओढली.

"घेतला का पोरीनं?"

"नाही."

"काय बोल्ली मंग?"

"नाव चांगलं आलं म्हणे."

जमनीने सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि वहीतला कागद काढला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं लिहिणं तिने पहिल्यांदाच असं मांडीवर घेतलं होतं. उलटा की सुलटा तेही तिला कळत नव्हतं. तिने तो दोनदा फिरवून पाहिला.

"यातलं तुमचं नाव कोनतं?"

हिरासिंगने कापरं बोट डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. जमनीने वाकून डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली.